घंगाळातली बाई

१

माझा स्वभाव मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्नाआधी मैत्रिणींचा हेवा करायचे, लग्नानंतर भांड्यांचा करू लागले. नवऱ्याचं झाशीत लक्ष्मी गेटजवळ तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आशुतोष एखादी समई चिंचेने घासायला बसला की शेजारी कोण आहे याची त्याला शुद्ध नसायची. घासून झाली की तिच्या कडेवरून अंगठा फिरवत तो असा काही बघायचा, की मला वाटे, ही मेली माझ्यापेक्षा नशीबवान.

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी मी झाशीच्याच नगरा भागातल्या आमच्या घरी बसून करत होते. ती गेली, तेव्हा म्हटलं, चला, दुकानच ऑनलाइन आणू. गिऱ्हाइकाला दिसणारा भाग लवकर झाला. खरं काम मागच्या बाजूचं, अ‍ॅडमिनचं. नवीन वस्तू चढवायची, फोटो जोडायचा, वजन, किंमत, शिल्लक नग आणि वर्णन भरायचं. शिवाय कुणी काय बदललं ते वस्तूखाली नावासकट दिसायला हवं. नावं दोनच होती, आशुतोष आणि अरुंधती. लग्नपत्रिकेनंतर आमची नावं अशी शेजारीशेजारी पहिल्यांदाच आली होती, आणि मला ते बघायला आवडायचं.

रोज सकाळी तो स्कूटरवरून गेला आणि सासूबाई देवापुढे बसल्या, की मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. लांब रुळांवरून मालगाडी जायची आणि टेबलावरचं फुलपात्र बारीक थरथरायचं. वर्णनं आमची दोघांची कोरडी होती. आशुतोषची सगळी 'मजबूत आहे, चांगले आहे' या थाटाची. माझी त्याहून वाईट, कारण त्या भांड्यांबद्दल चार शब्द गोड लिहायची मला इच्छाच नव्हती.

फोटो मात्र मी मन लावून काढले होते. चकचकीत पितळेचा फोटो घ्या, त्यात काढणाऱ्याचं ध्यान उमटतंच, मोबाईल धरलेलं, पोट सुटलेलं. म्हणून पांढऱ्या चादरीला भोक पाडून मी त्यामागून फोटो घ्यायची. एकाही भांड्यात मी दिसत नव्हते.

त्या सकाळी मोठ्या घंगाळाचं पान उघडलं, तर वर्णन बदललेलं होतं.

'पाणी ओतताना याचा आवाज आधी खोलातून येतो. भरत आलं की हलका होतो. घरातलं माणूस बाहेरूनच ऐकून सांगतं, पुरे.'

खाली नाव होतं अरुंधती.

२

मी ते लिहिलं नव्हतं. आशुतोषनेच माझ्या लॉगिनमधून लिहिलं असणार, असं मला वाटलं. दुपारी तो जेवायला आला की चांगली फिरकी घ्यायची ठरवून मी पोळ्या केल्या.

तो आला तो पायातल्या चपलांसकट स्वयंपाकघरात.

"अरू, ते घंगाळाचं तू लिहिलंस? सच में?"

मी वळून बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"बाबांचं बराबर असंच होतं यार. मी पाणी ओतायचो आणि ते अंगणातून ओरडायचे, पुरे! आई, इकडे ये, ऐक ना हे."

सासूबाई आल्या. त्याने मोबाईलवरून वाचून दाखवलं आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या, "बोलून दाखवत नाही, पण जीव आहे पोरीचा. आता एवढं 'अहो' म्हणायला लागली, की माझी काही तक्रार नाही."

त्यांचं हे जुनं दुखणं. यांच्या घरात नवऱ्याला नावाने हाक मारणारी मी पहिलीच. मी तिकडे नेहमीसारखं दुर्लक्ष केलं, कारण आशुतोष माझ्याकडे बघत होता. समईकडे बघायचा तसा. किती दिवसांनी बघत होता, मला सांगताही येणार नाही.

"बोल ना, तूच ना?"

"हो," मी म्हणाले. "मीच."

३

मी लगेच पासवर्ड बदलला. वर्णनं येतच राहिली.

समईचं आलं, पंचपात्राचं आलं, पोह्यांच्या कढईचं आलं. रोज सकाळी मी टेबलाशी बसायची आणि आदल्या दिवशीचं एखादं कोरडं भांडं बोलायला लागलेलं असायचं. प्रत्येकाखाली माझं नाव. झोपेत लिहीत असेन, हेही मनात येऊन गेलं. पण वेळा बघितल्या तर सगळ्या दुपारच्या, आणि दुपारी मी टक्क जागी असते. आमच्याच दुसऱ्या एखाद्या यंत्रावर माझं लॉगिन उघडं राहिलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण लॉगिन उघडं राहिलं म्हणून कुणी असं लिहीत नाही.

मग तपेल्याचं आलं. फोटोसाठी आम्ही घरचंच जुनं तपेलं वापरलं होतं, तळाला पोचा असलेलं. वर्णनात होतं, 'गुळाचा डबा काढायला एक मुलगा यावर चढला होता. मार बसेल म्हणून त्याने पोचा भिंतीकडे करून ठेवला. तो अजूनही ठेवतो.'

आशुतोष घास हातात धरून बसून राहिला. "हे तुला कुणी सांगितलं? मी आईलाही सांगितलं नव्हतं कधी."

"कळतं मला," मी म्हणाले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण आता शंका उरली नव्हती. माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी कुणीतरी होती. बाईच होती, ते मला पहिल्या ओळीपासून कळलं होतं. माझ्याआधी याला एक स्थळ आलं होतं, शाल्मली नावाचं. ती आता भोपाळला असते म्हणे. आशुतोष आंघोळीला गेल्यावर मी त्याचा फोन चाळून काढला. शाल्मली नव्हती, दुसरी कुणीही नव्हती. होते ते भांड्यांचे फोटो आणि माझे.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण मी नाही लिहिलं म्हटलं असतं, तर ते बघणं परत समईकडे गेलं असतं. म्हणून मी गप्प बसले. रोज दुपारी तो वाचायचा, मला जवळ घ्यायचा, आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातलं मिटक्या मारत खायची. वर जळायचीही.

काम चालूच होतं. एकच वस्तू दोनदा चढण्याचा घोळ फार व्हायचा. मी 'तांब्या' लिहून चढवला की तोच तांब्या आशुतोष हिंदी गिऱ्हाइकांसाठी 'लोटा' म्हणून चढवायचा. त्यासाठी मी 'एकत्र करा' असं बटण केलं. दोन नोंदी निवडायच्या, बटण दाबायचं, एक राहते. कोणती ठेवायची, हे मी त्याला विचारलं होतं.

"त्यात काय," तो म्हणाला, "जी भरलेली आहे ती ठेव. रिकामी काढून टाक."

तसा नियम मी लिहिला. आणि हात चालतोच आहे तर आणखी एक केलं. बदल कुठल्या यंत्रावरून झाला, तेही दिसायची सोय केली.

सगळी वर्णनं दुकानाच्या मागच्या खोलीतल्या संगणकावरून लिहिली गेली होती. म्हणजे भर दुपारी, मी इकडे घरी असताना, माझ्या नवऱ्याच्या दुकानात कुणीतरी बाई बसत होती.

४

न कळवता गेले. ऑटो गेटाशीच सोडली आणि गल्लीतून चालत, दुकानांच्या सावलीने, अंग चोरून पुढे झाले. काय बघायला मिळेल याची मनात तयारी केली होती. काय काय बोलायचं, तेही घोकलं होतं.

दुकानात आशुतोष एकटा होता. मला बघून हसला.

"काय विसरलीस?"

"म्हणजे?"

"अरे, आत्ताच तर गेलीस. ऑटोत बसवून आलो ना मी तुला."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. कान साधे होते.

मी पडदा सारून मागच्या खोलीत गेले. खोली लहान आहे. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला लावलेल्या पराती आणि वर जाळीचा झरोका. दुसरं दार नाही. चिंचेचा आंबट वास होता. खुर्चीवर हात ठेवला तर ती गरम होती. टेबलावर चहाचा कप होता, अर्धा प्यालेला, आणि त्यातून अजून वाफ निघत होती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. बिनसाखरेचा. आमच्या घरात बिनसाखरेचा चहा मी एकटीच पिते.

संगणकाच्या पडद्यावर नव्या समईचं पान उघडं होतं. वर्णनाच्या चौकटीत एक वाक्य अर्ध्यावर थांबलं होतं.

'हात चिंचेने काळे झाले की तो'

पुढे नुसती उभी रेघ लुकलुकत होती. माझी वाट बघत असावी, तशी.

मी खुर्चीवर बसले. ते वाक्य पुरं करायचं, मग ते माझं होईल, असं काहीतरी मनात आलं. बोटं कळांवर ठेवली आणि तशीच ठेवून बसले. हात काळे झाले की तो काय करतो, मला माहीत नव्हतं. तो भांडी घासायला बसला की मी उठून जायची.

"अरू," बाहेरून त्याचा आवाज आला, "चहा पिऊन टाक हं. गार होऊन जाईल."

भिंतीवरच्या पराती गप्प होत्या. मी कप उचलला आणि तो चहा पिऊन टाकला.

५

संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसले. सहजच विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, हात काळे झाले की तू काय करतोस?"

तो खो खो हसला. "तूच तर लिहिलंस! वाचून मला लाज वाटली, मालूम आहे?"

सकाळी पान उघडलं. वाक्य पुरं झालेलं होतं.

'हात चिंचेने काळे झाले की तो मनगटाने कपाळावरचे केस मागे सारतो. ते नीट सरत नाहीत. मग समोर बसलेल्या बाईने सारावेत म्हणून तो मान पुढे करतो.'

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. माझ्यापुढे त्याने कधीच मान पुढे केली नव्हती. समोर कुणी बसलेलंच नसे तर करणार कुणापुढे?

मग माझं लक्ष यादीतल्या घंगाळाच्या फोटोकडे गेलं. तो फोटो माझा नव्हता. चादर लावलेली नव्हती. पितळेच्या पोटात मागची खोली वाकडी होऊन उमटली होती, झरोका, पराती, टेबल. टेबलाशी एक बाई बसली होती आणि तिच्या मागे, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून, आशुतोष उभा होता.

मी फोटो मोठा केला. पितळेच्या गोलाईने तिचं तोंड ताणलं गेलं होतं. अंगात माझा हिरवा कुर्ता होता, जो त्या क्षणी माझ्याही अंगात होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्याचे दोन्ही तिच्या खांद्यांवर. मग फोटो कोण घेत होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि मी तो तिथेच सोडला. कारण ती हसत होती. मी कधी अशी हसत नाही. माझं हसू हातचं राखून असतं. ती मनापासून, सगळे दात दाखवून, सुखात हसत होती.

अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठं दुसरं काहीतरी पोटात पेटलं. मी वापरणाऱ्यांचं पान उघडलं.

आशुतोष. अरुंधती. अरुंधती.

एकाच ईमेलची दोन माणसं त्या पानावर येऊच शकत नाहीत. ती अडवणूक मी स्वतः केली होती. पण दोघी होत्या, एकाखाली एक, नावाच्या त्याच अक्षरांनी, माझ्याच ईमेलने. एक काढून टाकायची म्हटलं तर यातली मी कोणती, हे कळायला काही मार्ग नव्हता. चुकून स्वतःलाच काढलं तर?

दोन्ही नोंदींच्या पुढे 'एकत्र करा' दिसत होतं. ते बटण मी वस्तूंसाठी केलं होतं. पण प्रत्येक पानासाठी वेगळं करायचा कंटाळा, म्हणून एकदाच करून सगळीकडे लावलं होतं. आमच्या धंद्यात सगळेच असा आळस करतात.

देवघरात सासूबाईंची घंटा वाजत होती. ती बाई बसेल तिथे, त्याच्या हनुवटीखाली, आज दुपारीही बसेल, एवढंच मला दिसत होतं. माझा नवरा आहे तो. मी दोघींना निवडलं आणि बटण दाबलं.

'एक नोंद राहील. दुसरी काढली जाईल. नक्की?'

वाक्य माझंच होतं. मी 'हो' दाबलं.

कोणती ठेवायची याचा नियम मला त्यानंतर आठवला.

६

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि लॉगिनचं पान आलं. मी पासवर्ड घातला. चुकीचा म्हणाला. परत घातला, सावकाश, एकेक अक्षर बघून. चुकीचा.

घंटा थांबली होती.

"कौन है?" देवघरातून सासूबाईंनी विचारलं. "कौन बैठा है वहाँ?"

सासूबाई दारावरच्या भाजीवाल्याशी हिंदी बोलतात. घरात कधीही नाही. मी "आई, मी आहे" म्हणायला तोंड उघडलं, आणि त्या बाहेर येऊन माझ्याकडे बघतील या विचाराने माझा धीरच सुटला. चपला हातात घेऊन मी पायऱ्या उतरले.

ऑटोत बसून मी स्वतःला चांगलं दटावलं. पासवर्ड मध्यंतरी बदलला होता, गोंधळ झाला असेल. सासूबाईंना ऐकू कमी येतं. आता जायचं आणि आशुतोषला सगळं सांगून टाकायचं, वर्णनं माझी नाहीत, एकही नाही. समईकडे बघ म्हणावं हवं तर जन्मभर. चालेल मला.

दुकानात तो खाली बसून परात घासत होता. हात कोपरापर्यंत काळे होते. मला बघून उठला.

"आइए बहनजी, आइए. क्या दिखाएँ?"

ही थट्टा असावी म्हणून मी त्याच्या कानांकडे बघितलं. कान साधे होते.

"आशुतोष," मी म्हणाले. "अरे, मी."

त्याचा चेहरा खुलला. ओळखीने नव्हे. झाशीच्या बाजारात अचानक कुणी मराठी बोलणारं भेटलं की याचा चेहरा खुलतो, तसा.

"अरे वा! तुम्ही मराठी? बसा, बसा ना. इकडे आपली माणसं भेटतात कुठे? माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला? वेबसाइट बघून आलात का?"

तुम्ही. मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"सगळं ते आमच्या मंडळींनी लिहिलंय," तो म्हणाला. सांगताना त्याचा आवाज मऊ झाला. "फार जीव आहे तिचा भांड्यांवर. थांबा, भेटवतो." त्याने पडद्याकडे मान वळवली. "अगं, बाहेर ये ना. महाराष्ट्रातून कुणी आलंय."

"आले हं," पडद्यामागून माझा आवाज म्हणाला. "अहो, एवढं वाक्य पुरं करते."

भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण ती मला जाणवली नाही. मला फक्त हेवा वाटला. 'अहो' म्हणणं इतकं सोपं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आत खुर्ची मागे सरकली. आशुतोषने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. ते सरले नाहीत. त्याने मान थोडी पुढे केली, पडद्याच्या दिशेने, आणि तसाच थांबला. पडद्याच्या कडेतून चार बोटं बाहेर आली. नखं चिंचेने काळी झालेली होती. बोटात माझी अंगठी होती.

मी पटकन नजर वळवली आणि समोरच्या मांडणीकडे बघू लागले. उठून जाणं काही कठीण नव्हतं, रस्ता दोन पावलांवर होता. पण गेले असते तर परत यायला कारण काय राहिलं असतं?

"ते घंगाळ दाखवा ना," मी त्याला म्हणाले. "आणि तो तांब्या. समयाही बघते सगळ्या. सावकाश दाखवा, मला घाई नाही."